वहिनींचे मिस्टर

त्याचं नाव नेमकं कधी गेलं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. क्लबाच्या खोलीत चहा फिरत होता. ट्रे गॅरेजवाल्याच्या हातात. क्लबाचे म्होरके म्हणजे दातांचे डॉक्टर. ते तिकडून ओरडले, "अरे, त्यांना राहिला बघ. वहिनींच्या मिस्टरांना!" गॅरेजवाल्याने इकडे नाही पाहिलं, तिकडे नाही पाहिलं, सरळ याच्यापुढे ट्रे धरला. म्हणजे वहिनींचे मिस्टर कोण, हे त्याला विचारावंसुद्धा लागलं नाही. बाकी कुणाला त्यात काही वाटलं नाही. याला मात्र तो चहा काढ्यासारखा लागला.

त्याआधी तो 'वायंडर' होता. विजेच्या जळालेल्या मोटारी नि पंप खोलून आतली तांब्याची तार नव्याने भरायचं त्याचं दुकान. हाताला कायम वॉर्निशचा वास. क्लब होता हौशी रेडिओवाल्यांचा. परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात सेट लावायचा नि हवेत बोलायचं. एरवी ही माणसं एकमेकांना 'तुमच्याकडे ढग आहेत का' असलं काहीबाही विचारत बसायची. पण वादळ झालं, फोन मुके झाले, की हीच सेट पाठीला मारून निघायची नि निरोप पोचवायची. या क्लबात गच्च्यांवर चढून सगळ्यांच्या अँटेना बांधल्या त्या वायंडरने. डॉक्टरांचा सेट धुरासकट गेला तेव्हा ट्रान्सफॉर्मर भरून दिला तो वायंडरने. आणि बायकोला या नादाला लावलं तेही त्यानेच. वायर गुंडाळायची कशी, बॅटरी जोडायची कशी, हवेत आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचं कसं, सगळं त्याने शिकवलं.

गप्प बसायचं सोडलं तर बाकी सगळं ती त्याच्यापेक्षा चांगलं शिकली.

ती होती बस-स्टँडवरची अनाउन्सर. ती म्हणाली गाडी लागली, की लागली. ती म्हणाली उशीर आहे, की माणसं बोचकी खाली ठेवून बसायची. असला आवाज हवेत गेल्यावर काय व्हायचं? पहिल्याच सरावात लांबच्या डोंगरावरून कुणीतरी विचारलं, "या कोण बोलल्या? शब्द न् शब्द कळला." त्याच माणसाने त्याआधी वायंडरला एक निरोप पुन्हा पुन्हा सांगायला लावला होता. हवेत नाती लावायची नाहीत, नुसती आपापली परवान्याची अक्षरं बोलायची, असा डॉक्टरांचा कडक नियम. म्हणून ती हवेत कधी 'अहो' म्हणाली नाही. पण जमिनीवर सगळा क्लब तिला वहिनी म्हणायला लागला, आणि वहिनी आली की मिस्टर आलेच.

"आपल्या घरात दोन-दोन रेडिओ," त्याची आई म्हणायची, "नि एकालाही गाणं येत नाही."

"आई, ते गाण्याचे नाहीत."

"ठाऊक आहे. एक बोलतो नि दुसरा जळतो."

म्हातारीचे डोळे गेले होते, कान नाही.

*

वेळ आली की घरात शोधाशोध नको, म्हणून प्रत्येकाने एक बॅग कायम भरून ठेवायची. क्लबात तिला उचलबॅग म्हणत. सेट, बॅटरी, वायरी, गुंडाळता येणारी अँटेना, टॉर्च, पाणी, कोरडं खाणं, रेनकोट, कागद-पेन्सिल. उचलली की निघालं. दाराशी दोघांच्या बॅगा चाचपून आई म्हणायची, "बाळंतपणाला कोण निघालंय, सून की मुलगा?"

त्याच्या बॅगेत सगळं असायचं, पण कुठे असायचं ते त्यालाच ठाऊक. मागच्या बैठकीत डॉक्टरांनी दोघांच्या बॅगा टेबलावर घेतल्या. हिच्या बॅगेत जुन्या उशीच्या खोळी फाडून शिवलेल्या पिशव्या. विजेचं सगळं लाल पिशवीत, अँटेनाचं निळ्या, कागदाचं पिवळ्या. डॉक्टरांनी गॅरेजवाल्याचे डोळे रुमालाने बांधले नि म्हणाले, "पेन्सिल काढ." गॅरेजवाल्याने हात घातला, पेन्सिल काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेन्सिल काढली म्हणून टाळ्या! मग याची बॅग उघडली. आधी एक मोजा निघाला. मग स्क्रू-ड्रायव्हर, त्याला चिकटलेलं बिस्कीट. डॉक्टर हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "हं" म्हणाले. दातांच्या डॉक्टराचं असंच असतं, कीड दिसली की बोलत नाही, 'हं' करतो नि हत्यार शोधतो.

"पुढच्या रविवारी शेजारच्या गावचा क्लब येतोय," ते म्हणाले, "खास वहिनींची बॅग बघायला. त्यांच्यासमोर मी ती एकेक पिशवी करून उघडून दाखवणार."

त्याच्या पोटात जे पेटलं ते त्या दिवसापासून विझलं नाही. वायर गुंडाळायला शिकवली कुणी? बॅटरीचे चिमटे निवडले कुणी? पिशव्यांचे रंग तेवढे तिचे. आणि रंगांना टाळ्या!

बॅगेचा आणखी एक नियम होता. ज्याची त्याने भरायची, पण तपासायची दुसऱ्याने. कारण आपलं विसरलेलं आपल्याला दिसत नाही. तपासून झालं की तपासणाऱ्याने चेनीला आपली गाठ मारायची. गाठ म्हणजे शब्द: मी बघितलंय, सगळं आहे. हिची बॅग तो तपासायचा. त्याची गाठ अख्ख्या क्लबात ओळखू यायची. मोटारीतली वेटोळी बांधायचा दोरा, वॉर्निश पाजलेला, नि ती वायंडिंगवाल्यांची आवळ गाठ, जी दाताने सुटत नाही, कापावी लागते.

शुक्रवारी दुकान बंद करून आल्यावर त्याने तिची बॅग मांडीवर घेतली. ती आत भांडी आवरत होती. निळी पिशवी बघितली, पिवळी बघितली. चूक सापडावी म्हणून त्याने इतक्या बारकाईने आजवर कुणाची बॅग बघितली नव्हती. लाल पिशवीत बामाची एक रिकामी डबी होती. तिच्यात जादा फ्यूज ठेवायचे. बॅटरीपासून सेटपर्यंत जाणाऱ्या वायरीत एक फ्यूज असतो. काही बिघडलं की आधी तो स्वतः जळतो नि सेटला वाचवतो. तो जळला की दुसरा लावायचा. दुसरा नसेल तर सेट म्हणजे नुसता धोंडा.

त्याने सवयीने डबी कानाशी धरून हलवली. आवाज नाही.

लगेच आठवलं. मागच्या सरावात गॅरेजवाल्याचा फ्यूज गेला तेव्हा हिने आपल्या डबीतला काढून दिला होता. वहिनी ना सगळ्यांची! परत भरायचा मात्र राहून गेला. याच्या दुकानात खणभर फ्यूज पडले होते, आणि दुकान म्हणजे काय, पुढची खोली. उठून चार पावलं जायचं होतं.

"झालं का हो तपासून?" आतून तिने विचारलं.

त्याच्या डोळ्यांपुढे रविवार उभा राहिला. दोन्ही क्लब बसलेत. डॉक्टर लाल पिशवी उघडतायत, डबी काढतायत, हलवून बघतायत. 'हं' म्हणतायत. तिचा चेहरा. मग आपण पुढे होऊन म्हणायचं, 'ती इतकी पक्की, की मी डबी उघडायच्या भानगडीतच पडलो नाही.' आपल्यावर थोडं येईल, येऊ दे. तिच्यावर जास्त येईल.

"झालं," तो म्हणाला, आणि गाठ मारली.

*

रविवार यायचा तो आला, पण त्याआधी शनिवार आला. सकाळी जो वारा सुटला त्याने पत्रे उचलले, खांब वाकवले नि डोंगरावरचा फोनचा मनोरा आडवा केला. नदी चढली. डॉक्टरांनी हवेत हाक दिली तेव्हा ती स्टँडवर होती, बॅग तिच्या माइकच्या टेबलाखाली. खालच्या गावात, नदीकाठच्या शाळेत, माणसं गोळा झाली होती नि तिथून बातमी बाहेर यायला काही साधन नव्हतं. एक जीप निघाली होती. ती बॅगेसकट तीत बसली.

त्याने दुकानाचं फळकूट लावलं, खिशात मूठभर फ्यूज कोंबले नि स्टँडकडे धावला. जीप गेली होती.

मुख्य ठाणं डॉक्टरांच्या दवाखान्यात असायचं. तिथे जनरेटर होता नि गच्चीवर वायंडरनेच बांधलेली उंच अँटेना. दातांच्या खुर्चीशेजारी सेट, खुर्चीत स्वतः डॉक्टर, समोर थुंकायच्या भांड्यावर नकाशा अंथरलेला. दारात डेपोचे साहेब उभे. बाहेर त्यांच्या बसगाड्या ओळीने लागल्या होत्या, शाळेतल्या माणसांना उचलून आणायला. खालच्या पुलावरून गेलं की गाव जवळ. वरच्या रस्त्याने डोंगराला वळसा, त्यात पडलेली झाडं. पूल कसा आहे ते तिने सांगायचं नि मग गाड्या सुटायच्या.

ती हवेत आली. अक्षरं सांगितली. म्हणाली, "शाळेच्या गच्चीवर अँटेना लागली. आता मोठ्या सेटवर बोलतेय. हातातला छोटा सेट वाटेत बोलून बोलून दमलाय. त्याच्यावर तुमचं ऐकू येतं, पण बोलायला गेलं की मरतो. पूल बघायला माणूस पाठवलाय. ओव्हर."

"वा!" डेपोचे साहेब म्हणाले. "आमच्या बाई!"

आमच्या! आता हेही आले वाटेकरी.

सांगावं का तिला, डबी रिकामी आहे म्हणून? तो खुर्चीच्या मागे उभा होता, माइक हाताच्या अंतरावर. पण हवेत सांगायचं म्हणजे सगळ्यांना सांगायचं. डोंगरावरचे, शेजारच्या गावचे, सगळे कान लावून बसलेले. आणि सांगून तिने करायचं काय? फ्यूज काय रोज जातो? एकदा मुख्य फ्यूज टिकला की संपलं, उद्या डबी गुपचूप भरून टाकू, रविवारबिविवार गेला खड्ड्यात. त्याने मनातल्या मनात नवस सोडून सगळं केलं. खिशातले फ्यूज मुठीत धरून उभा राहिला.

पुन्हा तिचा आवाज. दम लागलेला, तरी शब्द चोख.

"ठाणं, पुलाचं कळलं. गाड्या खालच्या पुलावरून सोडू—"

आणि नुसती खरखर.

डॉक्टरांनी हाक दिली. खरखर. पुन्हा दिली. खरखर.

"सोडू म्हणाल्या," डेपोचे साहेब वळले. "चला. सोडू शकता म्हणाल्या."

"कशावरून?" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "सोडू नका असेल तर?"

"सोडू शकता असेल, नि आपण इथे तोंड बघत बसलो तर? तिथे पाणी चढतंय, डॉक्टर. माझा ड्रायव्हर विचारेल ना, बाईंनी सांगितलं काय? मी काय सांगू, अर्धं सांगितलं?"

अशा वेळीही वायंडरच्या मनाने एक कोलांटी मारलीच. चुकली! मुद्द्याचा शब्द आधी बोलायचा, 'पूल बंद' किंवा 'पूल चालू', हे मीच शिकवलं होतं तिला. बसली आपली स्टँडवरच्यासारखं लांबण लावत. एवढा आनंद त्याला झाला, आणि मग त्या आनंदाची त्याला शिसारी आली.

"वाऱ्याने अँटेना पडली असणार," डॉक्टर म्हणाले. "गॅरेजवाल्याला मोटारसायकलवर पाठवू."

गॅरेजवाला हेल्मेट शोधायला लागला. वरच्या रस्त्याने तो पोचणार कधी, त्याला तरी कुठे ठाऊक होतं! आणि पोचून बघणार काय, तर अँटेना, जी धड उभी असणार. बॅटरी उतरली तर आवाज विरत जातो. अँटेना पडली तर आवाज फाटतो, लांब जातो. हा आवाज शब्दाच्या मधोमध कात्रीने कापल्यासारखा गेला होता. असा फक्त फ्यूज जातो. खोलीत हे एकालाच ठाऊक होतं, आणि डबीत काय नाही तेही त्यालाच.

बाहेर पहिल्या बसचं इंजिन सुरू झालं.

"गाड्या थांबवा," तो म्हणाला, "नि तो माइक इकडे द्या."

"मिस्टर, तुम्ही आता काळजीने उगाच—"

"द्या म्हणतो ना!"

डॉक्टरांनी दिला. त्याने बटण दाबलं. अक्षरं बोलायला हवी होती. ती त्याला सुचेनात.

"अगं, ऐक," तो म्हणाला. "छोट्या सेटवर ऐकत असशील तर ऐक. तुझा फ्यूज गेलाय. डबी उघडत बसू नकोस. डबी रिकामी आहे."

बटण सोडून त्याने श्वास घेतला. पुन्हा दाबलं.

"शुक्रवारी मी बघितलं होतं ती रिकामी आहे. बघून गाठ मारली. ते घरी आल्यावर बोलू. आता बॅटरी चार्ज करायची वायर काढ. लाल पिशवीत तळाशी आहे. तिच्या मधोमध काळी डबी आहे, ती अंगठ्याने उघडते. आत तसलाच फ्यूज आहे, फक्त कमी ताकदीचा. तो काढून मोठ्या वायरीत लाव. पण आधी बॅटरीचे चिमटे बघ. एखादा सरकून लोखंडी टेबलाला लागला असेल, तो सोडव, नाहीतर हाही जाईल. आणि सेटची पॉवर पार खाली आण. वर नेलीस की संपलं, आणखी फ्यूज नाही."

बोलायचं राहिलं का काही? राहिलं होतं. पण ते सगळ्यांच्या कानांवर बोलण्यासारखं नव्हतं.

"ओव्हर," तो म्हणाला.

खरखर. ती ऐकतेय की छोटाही सेट मेलाय, कळायला मार्ग नाही. डेपोचे साहेब त्याच्याकडे असे बघत होते, जसं पासवरचा फोटो नि माणूस जुळत नसला की बघतात. गॅरेजवाला हेल्मेटमध्ये तोंड घालून उभा होता. तिचा फ्यूज कुणाच्या सेटमध्ये आहे ते त्याला आठवलं असावं. डॉक्टर म्हणाले, "हं."

मग खरखरीतून आवाज आला. बारीक, लांबून आल्यासारखा, पण स्वच्छ.

"पूल बंद. पूल बंद. पुलाचा मधला खांब खचलाय. गाड्या खालच्या पुलावरून सोडू नका. वरच्या रस्त्याने पाठवा, दोर आणि करवती द्या बरोबर. माणसं वरच्या मजल्यावर आहेत, सगळी सुखरूप. मिळालं का? ओव्हर."

डेपोचे साहेब "थांब रे, थांब!" करत बाहेर धावले. डॉक्टरांनी निरोप शब्दशः परत वाचून दाखवला. कमी पॉवरवर, छोट्या फ्यूजवर, नदीकाठच्या खड्ड्यातून, तरी शब्द न् शब्द कळत होता. त्याने माइक डॉक्टरांच्या हातात परत दिला, आणि त्या सुटकेतही ओळखीचा मत्सर एकदा बारीक डंख मारून गेला.

"बरोबर मिळालं," ती म्हणाली. "ठाण्यासाठी आणखी एक." थोडी खरखर गेली. "अहो, मी घरी येते, मग बघते तुमच्याकडे. ओव्हर."

हवेत नाती लावायची नाहीत, हा नियम त्या दिवशी डॉक्टरांनी कुणाला सुनावला नाही. डोंगरावरून कुणीतरी बटण दाबून नुसतं खदखदून हसलं.

*

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, चिखलाने भरलेली. आधी आंघोळ, मग जेवण. त्यानंतर बॅग घेऊन त्याच्यासमोर बसली. कात्रीने कापलेली त्याची गाठ तिने जमिनीवर ठेवली.

"का?"

"तू सगळ्यांची वहिनी झालीस नि मी—"

"मग मी काय करू? तोंडात बोळा घालून बसू?"

"माझं नाव गेलं."

"नावापायी माझा फ्यूज खाल्लात?"

"फ्यूज तू दिलास गॅरेजवाल्याला."

"आणि डबी भरायची विसरले. ते माझं. बघून गप्प बसलात, ते तुमचं. वाटण्या झाल्या, आता उठा."

आतून आई म्हणाली, "काय खाल्लं म्हणे त्याने?"

"फ्यूज, आई."

"पचला का?"

पचला नाही. बैठक एक आठवडा उशिरा झाली. शेजारच्या गावचा क्लब आला, पण बॅग बघायला कमी, गोष्ट ऐकायला जास्त. हवेत त्यांनी सगळी ऐकली होतीच. डॉक्टरांनी दोन निर्णय सांगितले. एक, निरोपात 'बंद' नि 'नका' आधी बोलायचं. हे सांगताना त्यांनी वहिनींकडे पाहिलं नि वहिनींनी मान खाली घातली. एवढं बघायला तो आयुष्यभर थांबला असता, पण ते बघून त्याला वाटायला हवं होतं ते काही वाटलं नाही. दुसरा, वायंडरने यापुढे कुणाची बॅग तपासायची नाही. वहिनींची बॅग गॅरेजवाला तपासेल.

चहा आला. गॅरेजवाल्याने ट्रे फिरवला. "फ्यूजला दिलास का?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळी खोली हसली. त्याने कप घेतला. वाईट नाव होतं, पण त्यात वहिनीही नव्हती नि मिस्टरही नव्हते. पूर्ण त्याचं एकट्याचं. चहा चहासारखा लागला.

संध्याकाळी घरी आल्यावर दाराशी दोन्ही बॅगा होत्या. तिच्या चेनीला गॅरेजवाल्याची गाठ. बुटाची नाडी, काळी, तेलकट, नि वर फुलासारखा फास. लहान पोरानेही एका ओढीत सोडावी असली. हिला म्हणायची गाठ? ही तपासणी? त्याने डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं. हात चेनीकडे गेला, मागे आला. मग त्याने बॅग तशीच उचलून कानाशी धरली नि हलवली.

आत फ्यूज खुळखुळले.

"ठेवा ती खाली," आतून ती म्हणाली.